फळीवर ठोकलेला हातमोजा

समस्त मराठी वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की जगातली सर्वांत ओंगळ वस्तू मी प्रत्यक्ष पाहिली आहे, दोन्ही हातांत धरली आहे आणि तिच्या वासासकट भर सभेत उभा राहिलो आहे. ज्यांचं नुकतंच जेवण झालं असेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा. ती वस्तू जर्मनीत, हायडेलबर्गच्या बाहेर, एका मैदानाशेजारच्या लाकडी हॉलमध्ये आहे. आणि ती एक सन्मानचिन्ह आहे.

कुठल्याशा जुन्या खेळाडूचा बेसबॉलचा हातमोजा. उशीएवढा जाड, पंचवीस-तीस उन्हाळ्यांचा घाम प्यायलेला. तो वाळू नये म्हणून कुणीतरी त्याच्यावर व्हार्निश चढवलं, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणीतरी आणखी एक थर दिला, आणि असं करत करत त्याचा रंग जुन्या खरजेसारखा झाला. मग तो चार खिळ्यांनी एका फळीवर ठोकला. खाली पितळी पट्टी: विद्यापीठांच्या संघांतला वर्षाचा सर्वोत्तम कॅचर. मोज्याच्या खळग्यात, व्हार्निशच्या आत, एक माशी होती. पाय वर केलेली. इतकी वर्षं जपलेली.

बेसबॉलमधला कॅचर म्हणजे काय हे आपल्या लोकांना सांगायला अर्धं मिनिट पुरतं. विकेटकीपर, पण उकिडवा. तोंडावर लोखंडी जाळी, छातीवर गादी, गुडघ्यांपासून पावलांपर्यंत कडक पट्ट्या, असा जामानिमा करून दोन-तीन तास बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसायचं. समोरचा जो चेंडू फेकेल तो झेलायचा, नाही झेलता आला तर अंगावर घ्यायचा. पुढचा चेंडू कसा टाक, हे मांड्यांच्या मध्ये बोटं हलवून त्याला सांगायचं. संघातले बाकीचे आठ जण त्याच्याकडे तोंड करून उभे असतात. सगळं मैदान दिसतं ते त्या एकट्याला, आणि त्याचं तोंड मात्र कुणालाच दिसत नाही.

आमची मुलगी ते काम करायची.

ती हायडेलबर्गला डॉक्टरकी शिकत होती, आम्ही नवराबायको स्टुटगार्टला. मी एका कारखान्यात मोटारीची सीट पुढेमागे सरकवणारी पट्टी कुरकुरू नये यासाठी पगार घेत होतो, बायको औषधांच्या दुकानात होती. मुलगी तीन वर्षांची असताना आम्ही तिला जर्मनीत आणलं. तिला मराठी सगळं कळे. उत्तर मात्र जर्मनमध्ये येई. तिची वाक्यं मी इथे मराठीत देतोय ती माझ्या सोयीने, एवढं लक्षात असू द्या.

तर या मुलीने, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नाच बसवणाऱ्या मुलींच्या बरोबरीची असताना, हा खेळ कुठून शोधून काढला देव जाणे. संघात मुली चालत, येत मात्र नसत, म्हणून पोरांमध्ये ही एकटीच. डाव्या हाताचा अंगठा दोनदा मोडलेला. शनिवारी ती धुण्याची पिशवी आणि खेळाची पिशवी घेऊन घरी यायची. धुण्याची वर यायची, खेळाची खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या आमच्या जाळीच्या खोलीत. त्या पिशवीचा वास मी वर्णन करू शकतो, पण करणार नाही. एवढंच सांगतो की एका सोमवारी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी, ज्या जिना पुसण्याची पाळी चुकली तरी चिठ्ठी लिहायच्या, केलरच्या दारावर कागद लावला: इथे एखादं जनावर मेलं असल्यास संबंधितांनी ताबडतोब उचलावं.

मी कागद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "अहो, त्यांना सांगा, मेलेलं नाहीये. डॉक्टर होतंय."

हे सगळं फुटबॉलचा वर्ल्ड कप जर्मनीत झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातलं. काही बाल्कन्यांवर अजून झेंडे लटकत होते, रंग उडालेले. मुलीचं ते शेवटचं मोकळं वर्ष. पुढच्या वर्षी इस्पितळातली ड्यूटी, मग कसला चेंडू आणि कसलं काय. त्या वर्षी जो सर्वोत्तम कॅचर ठरेल त्याला विद्यापीठांच्या एकत्र संघातून ऑगस्टमध्ये दोन आठवडे हॉलंडला खेळायला नेणार होते. तिला ती फळी नको होती. फळीबद्दल तिचंही मत माझ्यासारखंच होतं. तिला हॉलंड हवं होतं. चार वर्षं धुळीत उकिडवी बसली होती ती त्यासाठी, आणि तसं तिने आम्हाला एकदाच, भांडी पुसताना, पाठ फिरवून सांगितलं होतं.

आता इथे मला थोडं सांगलीला जावं लागेल, कारण मी स्वतः विकेटकीपर होतो. चांगला होतो. खोटी नम्रता मला जमत नाही. मी ज्या कॉलेजात शिकत होतो तिथेच आमचे वडील खेळाचे सर. कॉलेजचा संघ निवडायची वेळ आली तेव्हा निवड समितीत तिघे, त्यांतले एक वडील. दोन विकेटकीपर, एक मी आणि एक डेअरीवाल्यांचा मुलगा, ज्याच्या ग्लव्हजमधून चेंडू असे निसटत जसे काही त्यांना घरी जायची घाई आहे. दहापैकी गुण द्यायचे होते. वडिलांनी त्याला सात दिले. मला पाच.

मी संघाबाहेर. आणि गावात वडिलांचं काय नाव झालं! सायकलवरून जाणारे लोक उतरून नमस्कार करायचे. "काय माणूस आहे! पोटच्या पोराला पाच!" वडील मान खाली घालून हसत, तसं हसणं मी पुन्हा कुठे पाहिलं नाही, आणि देव करो मला दिसू नये. मला त्या हसण्याची शिसारी आली ती आजतागायत. न्याय करायचा म्हणून त्यांनी मला पाच दिले नव्हते, न्यायी दिसायचं म्हणून दिले होते. ही गोष्ट मी जर्मनीतल्या प्रत्येक मराठी घरात, प्रत्येक जेवणानंतर, हातवाऱ्यांसह सांगितलेली आहे. वडिलांचं हसणं मी फार छान करतो. मुलीला ती गोष्ट पाठ होती. लहानपणी मी "आणि मला किती दिले?" असं विचारलं की ती टेबलाखालून पंजा वर करायची, पाचही बोटं ताणून.

असो. मी सामन्यांना जायचो तेव्हा जाळीमागे उभा राहून मोठ्याने मतं द्यायचो. ती ऐकून एके दिवशी त्यांच्या फेराइनचा, म्हणजे मंडळाचा, अध्यक्ष माझ्याकडे आला. निवृत्त भूमापक. मैदानाची मापं दर वसंतात स्वतः फीत लावून घ्यायचा.

"तुम्ही क्रिकेटमध्ये हेच करत होता ना?" त्याने विचारलं.

"हेच," मी म्हणालो, "पण माणसासारखं उभं राहून."

त्याला हे फार आवडलं. कॅचर निवडणाऱ्या समितीत तिसरा माणूस खेळाबाहेरचा लागतो, ताज्या नजरेचा, असा त्यांचा नियम होता. त्याने मला तिथल्या तिथे विचारलं. मी नाही म्हणायला हवं होतं. पण "समिती" हा शब्द ऐकून नाही म्हणणारा मराठी माणूस मला तरी भेटलेला नाही.

मुलगी म्हणाली, "तू तिथे काय करणार?"

"न्याय!" मी म्हणालो.

"नाटक करू नकोस. मला नीट बघ, एवढंच."

सहा पानांचा कागद आला. आमच्या घरी जर्मन कागद वाचायचं खातं बायकोकडे. घरभाड्याचा करार, विम्याची पत्रं, त्या खालच्या बाईंच्या चिठ्ठ्या, सगळं तीच वाचते, मी सही करतो. पण हा कागद मी तिला दाखवला नाही. म्हटलं, समितीचं कामकाज गोपनीय असतं.

"जर्मन कागद आणि तुम्ही वाचलात?" ती म्हणाली.

"अक्षर न् अक्षर."

मी पहिलं पान आणि शेवटचं पान वाचलं होतं. दोन दिवसांनी अध्यक्षाचा फोन. "कलम सातमधला चौकोन तुम्ही रिकामा ठेवला आहे. उमेदवारांपैकी कुणी आपलं नातेवाईक असेल, तर त्यात खूण करायची. मग तुमचे गुण त्या उमेदवाराला धरत नाहीत, फक्त इतर दोघांची सरासरी घेतो. तुमची मुलगी आहे ना त्यात? चौकोन मुद्दाम रिकामा ठेवलात का?"

बघा. देवाने एवढं स्पष्ट जर्मन माझ्याशी कुणाकडूनही बोलवलं नव्हतं. एक खूण. पेन हातात होतं.

पण मला तो अपमान वाटला. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो, फोनवर. "मुद्दाम!" मी म्हणालो. "पूर्णपणे मुद्दाम! माझ्यापुढे नातं नाही, फक्त खेळ आहे."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "आल्झो गुट, ठीक आहे तर," तो म्हणाला. "मग तुमचे गुण धरले जातील."

मी फोन ठेवला तेव्हा माझी छाती मुलीच्या त्या गादीएवढी झाली होती.

पुढचे तीन रविवार आम्ही तिघे परीक्षक एका बाकावर बसलो. मधला परीक्षक अमेरिकन, पूर्वी तिथल्या छावणीत सैनिक होता, स्थानिक मुलीशी लग्न करून राहिला आणि सायकली दुरुस्त करायला लागला. तो सूर्यफुलाच्या बिया तोंडात टाकायचा आणि टरफलं थुंकायचा. सतत. माझ्या बुटाच्या आसपास. तिसऱ्या रविवारी त्या ओल्या टरफलांचा एवढा ढीग झाला होता की मला पाय कुठे ठेवावा कळेना. त्याच्यापलीकडे अध्यक्ष, मांडीवर पॅड, पॅडला लावलेला आखलेला कागद.

खरी लढत दोघांतच होती. एक आमची, दुसरा सहा फुटी सोनेरी केसांचा पोरगा. त्या पोराला झेल घेण्यापेक्षा जाळी काढण्याची हौस. जरा थांबला खेळ की जाळी वर, केस मागे, च्युइंगगम या गालातून त्या गालात. मला तो इतका किळसवाणा वाटला की मी त्याच्याबद्दल न्यायाने वागायचं ठरवलं. चेंडू तो बरा फेकायचा.

आणि आमची? शेवटच्या सामन्यात चेंडू जमिनीवर आपटून तिच्या गळ्याशी आला. तिने हात पुढे केलाच नाही, अंग पुढे केलं. चेंडू छातीवर थोपला, पुढ्यात पाडला, उचलला आणि उठता उठता दुसऱ्या बेसवर, म्हणजे पळणाऱ्याच्या पुढच्या टप्प्यावर, असा फेकला की तिकडे पळणारा पोरगा अजून घसरतच होता आणि तो बाद झालेला होता. टाळ्या त्या बेसवरच्या खेळाडूला पडल्या. ती परत उकिडवी बसली. अमेरिकन थुंकायचा थांबला. त्याने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाला, "हे शिकवता येत नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हे मी कबूल करतो, कारण पुढचं कबूल करायचं आहे.

सामना संपल्यावर आम्ही मोहरीच्या सॉसने चिकट झालेल्या एका टेबलावर गुण लिहायला बसलो. दहापैकी. परीक्षेत बसल्यासारखा मी डाव्या हाताने कागद झाकला. सोनेरी केसांच्या पोराला आठ. मोठ्या मनाने. मग मुलीचं नाव आलं आणि माझ्या डोक्यात एक हिशेब सुरू झाला, ज्याची आठवण आली की मला अजून चूळ भरावीशी वाटते. हिशेब असा: हिने आज जे केलं ते पाहून बाकीचे दोघे नऊच्या खाली जाणं शक्यच नाही. म्हणजे ही जिंकतेच आहे. मग माझ्या गुणांनी काय फरक पडतो? कमी दिले तर ही हॉलंडला जाईल ती जाईलच, वर गणपतीत लोक म्हणतील, बापाने स्वतः कमी दिले, तरी पोरगी पहिली! मला ते जेवण दिसलं, ताटं दिसली, मान खाली घालून हसणारा मी दिसलो.

मी चार लिहिले. आकडा जरा वळणदार काढला.

समारंभ पुढच्या शनिवारी, त्या लाकडी हॉलमध्ये. पाण्यात तरंगणारे फिकट सॉसेज, बादलीतून वाढलेली बटाट्याची कोशिंबीर, ओल्या जाकिटांचा वास. बायको रेशमी साडीवर रेनकोट घालून आली होती आणि तिच्या मांडीवर नारळाच्या वड्यांचा डबा होता, मुलीचं नाव पुकारलं की उघडायचा म्हणून. मुलगी दुसऱ्या रांगेत तिच्या शेजारी. तिने मला लांबूनच अंगठा दाखवला, तो वाकडा झालेला.

अध्यक्ष म्हणाला, सन्मानचिन्ह परीक्षकांपैकी सर्वांत नव्या माणसाच्या हस्ते द्यायची पद्धत आहे. म्हणजे माझ्या. मी व्यासपीठावर गेलो. ती फळी माझ्या हातात आली. चिकट होती. जून महिन्याच्या उकाड्यात व्हार्निश थोडं सुटलं होतं आणि माझी बोटं त्याला धरून बसली. वास नाकात गेला. मला वाटलं, असू दे, दोन मिनिटांत ही तिच्या हातात जाईल.

मग अध्यक्षाने खिशातून कागद काढला. मला वाटलं, नाव वाचेल. पण तो भूमापक होता. तो सगळं वाचायला लागला.

"पहिला उमेदवार," सोनेरी केसांच्या पोराचं नाव घेऊन तो म्हणाला. "पहिला परीक्षक, सात. दुसरा, सहा. तिसरा, आठ. एकूण एकवीस."

प्रत्येकाचे गुण नावानिशी वाचणार होते! हे बहुधा तिसऱ्या पानावर लिहिलेलं असावं. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. पण मनात म्हटलं, वाच बाबा, ऐकू दे लोकांना.

"दुसरी उमेदवार." आमच्या मुलीचं नाव. बायकोने डब्याच्या झाकणावर हात ठेवला. "पहिला परीक्षक, म्हणजे मी, नऊ. दुसरा परीक्षक, सात."

सात! मी अमेरिकनाकडे पाहिलं. लोक मात्र टाळ्या वाजवायला लागले. तो उठून उभा राहिला, हात वर केला आणि म्हणाला, "वीस वर्षांत मी कुणाला सात दिले नव्हते!" आणखी टाळ्या. लोक मुलीच्या पाठीवर थापा मारत होते. हॉलमध्ये मी एकटाच बेरीज करत होतो. नऊ आणि सात, सोळा. मग चार.

"तिसरा परीक्षक," अध्यक्ष म्हणाला, थांबला, चष्मा सारखा केला. "चार. एकूण वीस."

टाळ्या अशा थांबल्या जणू कुणी दार लावलं. माणसं आधी मुलीकडे, मग माझ्याकडे पाहायला लागली. त्यांना आमचं नातं माहीत होतं. तिथे आमच्या रंगाची दुसरी माणसंच नव्हती. बायकोचा हात झाकणावर होता तिथेच राहिला.

मला वाटलं, एवढ्यावर थांबेल. पण तो मापात चूक होऊ देणाऱ्यांतला नव्हता. "नोंदीसाठी," तो वाचत राहिला, "तिसऱ्या परीक्षकाने कलम सातमधला चौकोन रिकामा ठेवला. दूरध्वनीवर विचारलं असता, मुद्दाम ठेवला, असं उत्तर मिळालं. म्हणून गुण धरले आहेत. धरले नसते तर सरासरी आठ विरुद्ध सात अशी झाली असती. तसंच, आणखी एक गुण मिळता तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरीत दोघांनाही हॉलंडला पाठवण्याची तरतूद आहे. गेनाऊ, अगदी बरोबर."

त्याने कागदाची घडी घातली. सोनेरी केसांचा पोरगा केस मागे सारत उठला आणि फळी घ्यायला व्यासपीठाकडे यायला लागला. मी फळी पुढे केली, पण ती हातातून सुटेना. बोटं व्हार्निशला चिकटलेली. खळग्यातली ती माशी पाय वर करून माझ्याकडे बघत होती. आणि मला जाणवलं की माझी मान खाली गेली आहे आणि मी हसतो आहे.

दुसऱ्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मुलगी उभी राहिली होती. एकवीस वर्षं ज्या पोरीने मला जर्मनमध्येच उत्तरं दिली, ती त्या भरल्या हॉलमध्ये, त्या सगळ्या जर्मन लोकांसमोर, खणखणीत मराठीत ओरडली,

"बाबा, आजोबांनीसुद्धा पाच दिले होते!"